कोकणातल्या घरासाठी सौर पॅनल आणि बॅटरी : मोजमापापासून पावसाळी देखभालीपर्यंत

कोकणात घरावर सौर पॅनल बसवू पाहणाऱ्या बहुतेकांच्या मनात दोन अपेक्षा एकमेकींत मिसळलेल्या असतात. महावितरणचे बिल कमी यावे ही एक, आणि पावसाळ्यात लाइट गेली तरी घरातले दिवे-पंखे चालू राहावेत ही दुसरी. दोन्ही अपेक्षा एकाच यंत्रणेतून पूर्ण होऊ शकतात, मात्र सर्वसाधारणपणे बसवली जाणारी ऑनग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट महावितरणच्या लाइनला जोडलेली, यंत्रणा त्यांतली पहिलीच पूर्ण करते. लाइन बंद पडली की ऑनग्रिड इन्व्हर्टर (पॅनलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारे यंत्र) क्षणभरात स्वतःहून बंद होतो, मग बाहेर लख्ख ऊन का असेना. खांबावर चढलेला लाइनमन तार मृत समजून तिला हात लावत असताना एखाद्या घराच्या छपरावरून उलटी वीज आली, तर त्याच्या जिवावर बेतेल, म्हणून ही अट नियमानेच घातलेली आहे. जून २०२० मध्ये निसर्ग आणि मे २०२१ मध्ये तौक्ते ही वादळे येऊन गेल्यावर किनाऱ्यावरची कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. अशा वेळी छपरावरचे नुसते ऑनग्रिड पॅनल उपयोगाचे नसतात.

म्हणून पहिला निर्णय यंत्रणेच्या प्रकाराचा. ज्या घराला बिलही कमी हवे आहे आणि बॅकअपही, त्याने हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा. तो दिवसा घर चालवतो, बॅटरी भरतो, उरलेली वीज नेट मीटरमधून (घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरमधून) महावितरणला देतो आणि लाइन गेली की स्वतःला लाइनपासून तोडून निवडक सर्किटांना वीज पुरवत राहतो. लाइनशी संबंधच न ठेवणारी ऑफग्रिड यंत्रणा बागेतल्या मांगराला किंवा जिथे खांबच पोहोचलेला नाही अशा घराला ठीक; राहत्या घराला ती महाग पडते आणि तिला केंद्राचे अनुदानही मिळत नाही.

हिशेब दोन, आणि दोन्ही वेगळे

पॅनल किती घ्यायचे हे वर्षभराच्या बिलावरून ठरते, तर बॅटरी किती घ्यायची हे जुलैतल्या वाईट दिवसावरून. हे दोन हिशेब एकत्र केले की एकतर नको तितकी बॅटरी घेतली जाते किंवा ऐन पावसात ती रिकामी राहते.

पॅनलचा हिशेब सोपा आहे. बिलावरच मागील महिन्यांचा वापर छापलेला असतो. बारा महिन्यांची सरासरी काढावी आणि तिला १२० ने भागावे. एक किलोवॅट पॅनल वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चार युनिटांच्या आसपास वीज देतात, म्हणजे महिन्याला साधारण १२० युनिटे. सरासरी ३०० युनिटे वापरणाऱ्या घराला अडीच ते तीन किलोवॅट पुरतात. ज्यांचा वापर १०० युनिटांच्या आतला, म्हणजे सर्वांत स्वस्त टप्प्यातला आहे, त्यांनी केवळ बिलाच्या बचतीसाठी यात पडू नये. गुंतवणूक वसूल व्हायला फार वर्षे लागतील. त्यांचे कारण बॅकअप हेच असेल, तर एक किलोवॅट पॅनल आणि लहान बॅटरी एवढ्यावर थांबावे.

बॅटरीसाठी कागद घेऊन, लाइट नसताना नेमके काय चालले पाहिजे हे प्रामाणिकपणे लिहावे. एका मध्यम घराचे उदाहरण घेऊ. नऊ वॅटचे पाच एलईडी दिवे रोज पाच तास म्हणजे २२५ वॅट-तास (१,००० वॅट-तास म्हणजे एक युनिट). कमी वीज खाणारे, तीस वॅटचे तीन बीएलडीसी पंखे दहा तास म्हणजे ९०० वॅट-तास. इंटरनेटचा राउटर दहा वॅटचा, दिवसरात्र चालणारा, त्याचे २४०. टीव्ही तीन तास, १८०. मोबाइल चार्जिंगचे ५०. मध्यम आकाराच्या फ्रिजला सुमारे एक युनिट. एकूण बेरीज २,५९५ वॅट-तास, म्हणजे साधारण २.६ युनिटे. पंखे जुन्या पद्धतीचे, पंच्याहत्तर वॅटचे असतील, तर पंख्यांचाच आकडा ९०० वरून २,२५० वर जातो. बॅटरी वाढवण्यापेक्षा आधी पंखे बदलावेत. तो खर्च कितीतरी कमी आहे.

या यादीत विहिरीवरचा पंप, गिझर, इस्त्री आणि मिक्सर नाहीत, आणि ते मुद्दामच नाहीत. एक हॉर्सपॉवरचा पंप चालू असताना एक किलोवॅटच्या आसपास घेतो खरा, पण सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या पाचसहा पट करंट ओढतो आणि लहान इन्व्हर्टर तिथेच ट्रिप होतो. पंप महावितरणच्या बाजूलाच ठेवावा आणि लाइट असताना टाकी भरून घेण्याची सवय चालू ठेवावी.

आता हे २.६ युनिटे जुलैच्या दिवसाशी ताडून पाहावेत. तीन किलोवॅटचे पॅनल कडक उन्हाच्या दिवशी १३-१४ युनिटे देतात, जुलैत सरासरीने त्याच्या निम्म्यावर येतात, आणि आभाळ दिवसभर ओतत असेल त्या दिवशी तीनच्या घरात घुटमळतात. म्हणजे वर लिहिलेली यादी सर्वांत वाईट दिवशीही जेमतेम भागते. माझ्या मते कोकणातल्या यंत्रणेची खरी कसोटी हीच: अत्यावश्यक यादी मुसळधार दिवसाच्या उत्पादनापेक्षा मोठी होऊ द्यायची नाही. ती मोठी झाली, तर कितीही बॅटऱ्या जोडल्या तरी त्या भरणार कशातून, हा प्रश्न उरतोच.

बॅटरीचे माप मग आपोआप ठरते. ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी नावाला ५.१२ युनिटांची असते. तिच्यातले ऐंशी टक्के वापरावेत आणि इन्व्हर्टरमधली घट वजा करावी, म्हणजे हातात ३.७ युनिटांच्या आसपास उरतात. वरच्या यादीला ती जवळजवळ दीड दिवस पुरते आणि फ्रिज बंद केला तर दोन दिवसांहून जास्त. तेवढेच काम ट्युब्युलर लेड-ॲसिडकडून करून घ्यायचे, तर १५० अँपिअर-अवरच्या चार बॅटऱ्या लागतात, कारण त्या निम्म्याच रिकाम्या करायच्या असतात. ट्युब्युलर पहिल्या दिवशी स्वस्त आहे आणि तालुक्याच्या गावी मिळते. मात्र तिला डिस्टिल्ड वॉटर घालत राहावे लागते, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, आणि पावसाळ्यात दिवसेंदिवस अर्धवट भरलेल्या अवस्थेत राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेट साचून ती लवकर खलास होते. अर्धवट भरलेली राहणे लिथियमला मानवते. वर्षभर राहत्या घरासाठी मी लिथियमच सुचवीन.

छप्पर, दिशा आणि माडाची सावली

एका किलोवॅटला साधारण दहा चौरस मीटर जागा धरावी. रत्नागिरी १७ अक्षांशाच्या जवळ आहे, तेव्हा दक्षिणेकडे तोंड आणि पंधरा अंशांच्या आसपास उतार हे उत्तम. दहा अंशांच्या खाली उतार ठेवू नये, कारण मग पाणी खालच्या कडेला साचून तिथे शेवाळ धरते. पुष्कळ घरांची तोंडे पूर्वेला असल्यामुळे छपराचे उतार पूर्व-पश्चिम पडतात. अशा वेळी दोन्ही उतारांवर निम्मे निम्मे पॅनल बसवले तरी वार्षिक उत्पादनातली घट पाच टक्क्यांच्या आसपासच राहते. फक्त दोन्ही बाजूंच्या पॅनलमाळा इन्व्हर्टरच्या वेगवेगळ्या एमपीपीटी इनपुटला (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढून घेणाऱ्या जोडणीला) जोडलेल्या हव्यात. उत्तर उतार मात्र टाळावा.

सावलीकडे दुर्लक्ष करू नये. एका पॅनलवर माडाच्या झावळीची सावली पडली तरी मालिकेतल्या सगळ्यांचे उत्पादन खाली येऊ शकते. डिसेंबरच्या अखेरीस आपल्याकडे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे पन्नास अंशच वर असतो, तेव्हा पॅनलच्या पातळीपेक्षा दहा मीटर उंच असलेल्या माडाची सावली दुपारीसुद्धा साडेआठ मीटर उत्तरेकडे पडते. सकाळी नऊला आणि दुपारी चारला ती याहून कितीतरी लांब जाते. उलट मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सूर्य डोक्यावरून जातो, म्हणून मे महिन्यात केलेली पाहणी फसवी ठरते आणि त्या वेळी मोकळे दिसणारे छप्पर डिसेंबरात निम्मे झाकलेले असते. घराच्या दक्षिणेला, आग्नेयेला आणि नैऋत्येला असलेली झाडे हिवाळा डोळ्यांपुढे ठेवून पाहावीत. पोफळी आणि माड उंच पण विरळ, तर फणस आणि आंबा दाट. आंब्याची एखादी फांदी छाटता येते, माडाची उंची कमी करता येत नाही. शिवाय माडाखाली पॅनल म्हणजे नारळ पडण्याची वाट पाहणेच.

आता छपराचा प्रकार. स्लॅब असेल तर काम सरळ आहे. स्लॅबवर पावसासाठी पत्र्याची शेड घातलेली असेल, आणि कोकणात ती बहुधा असतेच, तर पॅनलची रेल पत्र्याला न कसता पत्र्याखालच्या लोखंडी पर्लिनला (पत्रा पेलणाऱ्या आडव्या पट्टीला) कसली गेली पाहिजे, आणि त्याआधी शेडच्या खांबांचे जोड गंजलेले नाहीत ना हे फॅब्रिकेटरकडून तपासून घेतले पाहिजे. मंगळुरी कौलांच्या छपरावर पॅनल बसवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. वासे-रीपा त्या वजनासाठी आणि वाऱ्यासाठी घातलेल्या नसतात, माकडांनी हलवलेली कौले बदलायला दरवर्षी छपरावर चढावे लागते, आणि पॅनलखालचे कौल फुटले तर ते बदलण्यासाठी पॅनलच उतरवावे लागते. अशा घरांनी अंगणाच्या कडेला किंवा गोठ्याच्या पत्र्यावर जागा शोधावी.

कागदपत्रे

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये असे अनुदान आहे. तीन किलोवॅट आणि त्यापुढे कितीही क्षमता असली तरी मर्यादा ७८,००० रुपयांची. अनुदान पॅनलच्या क्षमतेवर मिळते, बॅटरीवर मिळत नाही. पॅनल भारतात बनवलेल्या सेलचे, म्हणजे डीसीआर प्रकारचे असावे लागतात, आणि ते दरपत्रकात लिहून घ्यावे.

कोकणात अडतो तो मुद्दा वेगळाच असतो: बिल कुणाच्या नावावर आहे? आजोबांच्या नावाचे मीटर नातवाच्या काळापर्यंत तसेच चालू असते, घर चार भावांत सामायिक असते आणि त्यांतले तिघे मुंबईला असतात. अर्जदार, वीज ग्राहक आणि ज्याच्या खात्यात अनुदान जमा व्हायचे तो, यांची नावे जुळली पाहिजेत. तेव्हा सर्वांत आधी घरपट्टीचा उतारा, वारसांची संमती आणि आवश्यक कागद देऊन महावितरणकडे नाव बदलून घ्यावे, आणि त्याला वेळ लागतो हे धरून पॅनलचा विचार दिवाळीत सुरू करावा. मंजूर भारही (महावितरणने घराला मंजूर केलेले किलोवॅट) त्याच वेळी तपासावा.

त्यानंतर योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर बारा अंकी ग्राहक क्रमांकाने नोंदणी, अर्ज, नोंदणीकृत पुरवठादाराची निवड, उभारणी, नेट मीटर, तपासणी आणि अनुदान हा क्रम आहे. दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक व्यवहार्यतेच्या अभ्यासाची अट आता नाही. नेट मीटरमध्ये जास्तीची युनिटे पुढच्या महिन्यांत वळती होतात, पण हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपते आणि त्या दिवशी उरलेल्या युनिटांना घरगुती दराच्या मानाने फारच कमी मोबदला मिळतो. आपल्या दृष्टीने हे वर्ष सोयीचे आहे, कारण एप्रिल-मेमध्ये साठलेली युनिटे जून ते सप्टेंबरमधल्या तुटीला कामी येतात. मार्चअखेर दरवर्षी मोठी शिल्लक उरत असेल, तर पॅनल गरजेपेक्षा जास्त लावले आहेत असे समजावे.

एक तपासणी अर्जाआधीच करावी, कारण ती नंतर कुणी करत नाही. वाडी डीपीपासून लांब असेल, तर संध्याकाळी सातला आणि दुपारी बाराला घरातला व्होल्टेज वायरमनकडून मोजून घ्यावा. तो नेहमीच १७०-१८० वर उतरत असेल, तर इन्व्हर्टर लाइन स्वीकारणार नाही आणि वारंवार तुटून बॅटरीवर जाईल. त्याची लेखी तक्रार महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात आधी द्यावी.

खारा वारा आणि वादळ

पुरवठादार दरपत्रक देतात ते बहुधा देशावरच्या घरासाठी तयार केलेले असते. समुद्र किंवा खाडी जवळ असलेल्या घराने त्यात काही गोष्टी वाढवून घ्याव्यात. पॅनलला क्षार-धुक्याच्या चाचणीचे, म्हणजे आयईसी ६१७०१ चे, प्रमाणपत्र असावे. सांगाडा गरम जस्तात बुडवून काढलेल्या लोखंडाचा असावा आणि जस्ताचा थर किमान ८० मायक्रॉनचा असावा. रंग मारलेला साधा अँगल पहिल्याच पावसाळ्यात वेल्डिंगच्या जोडांवर तांबडा पडतो. म्हणून जागेवर वेल्डिंग करू देऊ नये. वेल्डिंगच्या ठिणगीने तिथले जस्त जळून जाते आणि वरून मारलेला चंदेरी रंग त्याची जागा घेत नाही. नटबोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. ३०४ चे बोल्ट घाटावर चालतात, किनाऱ्यावर त्यांच्यावर तपकिरी डाग पडू लागतात. पॅनलची चौकट ॲल्युमिनियमची, क्लॅम्प वेगळ्या धातूचा आणि मधे खाऱ्या पाण्याचा थेंब, अशी गाठ पडली की चौकट पांढरी भुकटी होऊन झिजते; तिथे नायलॉन किंवा रबराचा वॉशर हवा. इन्व्हर्टरची आणि पॅनलची वॉरंटीही वाचावी, कारण काही कंपन्या समुद्रापासून ठरावीक अंतराच्या आतल्या घरांना ती लागू करत नाहीत.

वाऱ्याचा हिशेब लोकांना खरा वाटत नाही, म्हणून तो मांडतो. ताशी १२० किलोमीटर वेगाचा वारा चौरस मीटरमागे सुमारे ६८ किलो दाब देतो. ५४० वॅटच्या पॅनलचे क्षेत्रफळ अडीच चौरस मीटरच्या वर आणि वजन २८ किलोच्या आसपास. म्हणजे २८ किलोच्या वस्तूवर पावणेदोनशे किलोचा जोर येतो, आणि वारा खालून शिरला तर तो तिला वर उचलतो. सहा पॅनलवर मिळून एक टनाहून जास्त. स्लॅबवर नुसते सिमेंटचे ठोकळे ठेवून त्यांवर सांगाडा उभा करणे किनाऱ्यावर धोक्याचे आहे. स्लॅबच्या सळईला बांधलेले काँक्रीटचे चौथरे किंवा केमिकल अँकर (भोकात रसायनाने पक्के चिकटवलेले बोल्ट) हवेत, आणि भोक पाडलेल्या प्रत्येक जागी त्याच दिवशी वॉटरप्रूफिंग व्हायला हवे. खाली वाळवण घालायला जागा राहावी म्हणून आठ-दहा फूट उंच सांगाडा करण्याची टूम निघाली आहे. ती मला पटत नाही. जितके उंच तितका वाऱ्याचा जोर आणि खांबाच्या तळावरचा ताण जास्त. उंच करायचाच असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घ्यावी.

वायरिंग, अर्थिंग आणि वीज पडणे

साधारण ४९ व्होल्टचे सहा पॅनल मालिकेत जोडले की जवळजवळ ३०० व्होल्टचा डीसी तयार होतो, आणि ऊन आहे तोवर तो बंद करता येत नाही. डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही. त्यामुळे हे काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावे, आणि घरमालकाने पुढच्या गोष्टींवर नजर ठेवावी. केबल सौर प्रतीची, चार किंवा सहा चौरस मिलिमीटरची असावी आणि वर जाणाऱ्या सगळ्या तारा धातूच्या पाइपातून न्याव्यात. लोंबती तार दिसली की माकडे ती ओढतातच. पॅनलच्या तारा एकमेकींना जोडणारे एमसी४ जोड एकाच कंपनीचे असावेत, योग्य पक्कडीने दाबलेले असावेत आणि रेलला बांधून वर उचललेले असावेत. पत्र्यावर पडलेला जोड पावसाळाभर वाहत्या पाण्यात राहतो, आणि बहुतेक बिघाड तिथूनच सुरू होतात.

अर्थिंगसाठी तीन स्वतंत्र खड्डे लागतात: पॅनलच्या सांगाड्याला एक, इन्व्हर्टर आणि एसी बाजूला एक, आणि वीजरोधकाला, म्हणजे आभाळातून पडणारी वीज जमिनीत उतरवणाऱ्या दांड्याला, एक. कोकणातली अडचण अशी की जांभ्यात तीन मीटरची रॉड ठोकून जात नाही, आणि उन्हाळ्यात जांभा इतका कोरडा होतो की अर्थिंगचा रोध वाढतो. बोअर मारून किंवा खोल खणून, भोवती केमिकल भरून रॉड बसवावी, आणि जागा बारमाही ओलाव्याची निवडावी. न्हाणीघराचे पाणी जिथे जाते ती किंवा माडाच्या आळ्याजवळची. रोध पाच ओहमच्या आत आहे हे मे महिन्यात मीटर लावून पाहावे. पावसाळ्यात घेतलेल्या मोजणीवर विसंबू नये. वीजरोधकाची पट्टी पॅनलच्या केबलींपासून दूर, सरळ आणि कमीत कमी वळणांची खाली उतरवावी. डीसी आणि एसी दोन्ही बाजूंना सर्ज प्रोटेक्शन, म्हणजे विजेच्या अचानक उसळीपासून उपकरणे वाचवणारा भाग, हवा. त्याच्यावर एक लहान खिडकी असते. ती हिरवी असेपर्यंत तो शाबूत असतो, लाल झाली की बदलायचा. मे-जून आणि ऑक्टोबरच्या गडगडाटी पावसानंतर ती पाहण्याची सवय लावावी.

घरातल्या वायरिंगमधली सर्वांत नेहमीची चूक न्यूट्रलची असते. हायब्रिड इन्व्हर्टरच्या बॅकअप आउटपुटवर जी सर्किटे जातात, त्यांच्यासाठी वेगळा डीबी (वितरण पेटी) बसवून फेज आणि न्यूट्रल दोन्ही वेगळे करावे लागतात. जुन्या घरात फेज तेवढा वेगळा काढतात आणि न्यूट्रल सामायिक ठेवतात. मग आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) विनाकारण ट्रिप होतो किंवा लाइन आल्याबरोबर इन्व्हर्टर दोष दाखवतो.

इन्व्हर्टर आणि बॅटरी पडवीत ठेवू नयेत. पडवीत पावसाची झड येते, आणि झड आली नाही तरी खारी हवा येतेच. घरातली कोरडी, हवेशीर, स्वयंपाकघरापासून दूरची भिंत निवडावी. बॅटरीची तार जाड असते, कारण ४८ व्होल्टवर पाच किलोवॅट म्हणजे शंभर अँपिअरच्या वर करंट. तिच्या जवळच डीसी प्रतीचा ब्रेकर असावा. नदीकाठच्या गावांनी आणखी एक गोष्ट पाहावी. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात तळमजल्यावरचे सगळे पाण्याखाली गेले. अशा ठिकाणी माहीत असलेल्या पूररेषेच्या वरच ही उपकरणे बसवावीत, भले त्यासाठी वरच्या मजल्यापर्यंत केबल न्यावी लागो.

ताब्यात घेताना

शेवटचा हप्ता देण्याआधी घरमालकाने स्वतः समोर उभे राहून चाचण्या करून घ्याव्यात. दुपारी, बॅटरी भरलेली असताना, मुख्य स्विच पाडावा: पंखे थांबता कामा नयेत, राउटर बंद पडता कामा नये, आणि बॅकअपवर नसलेली सर्किटे खरोखरच मृत झाली पाहिजेत. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होईपर्यंत थांबावे आणि इन्व्हर्टर तो ओढ सहन करतो का पाहावे. मग रात्री, पॅनल झोपलेले असताना, हीच चाचणी दोन तास चालवून बॅटरीची टक्केवारी किती उतरली ते लिहून ठेवावे. पुढच्या वर्षी बॅटरी खंगली आहे का हे कळायला हीच नोंद उपयोगी पडते. मुख्य स्विच परत चढवल्यावर इन्व्हर्टर लाइनशी जुळायला काही वेळ घेतो, तेव्हा लगेच घाबरू नये. प्रत्येक पॅनलचा अनुक्रमांक, सर्व वॉरंटी कार्डे, अर्थिंगच्या मोजणीचा अहवाल आणि वायरिंगचा आराखडा मागून घ्यावा.

देखभाल

ऑक्टोबर ते मे या काळात पंधरा दिवसांतून एकदा, पहाटे काच थंड असताना, मऊ फडक्याने आणि गोड्या पाण्याने पॅनल धुवावेत. तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतू नये आणि किनाऱ्यालगतच्या मचूळ विहिरीचे पाणी वापरू नये. चिऱ्याच्या खाणीजवळ किंवा कच्च्या रस्त्यालगत घर असेल, तर तांबड्या धुळीमुळे हे काम जास्त वेळा करावे लागते.

मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात सगळे नटबोल्ट पान्याने तपासून घ्यावेत, जोडांवर तांबडा रंग दिसला तर घासून झिंकयुक्त रंग लावावा, छपरावर झुकणाऱ्या फांद्या तोडाव्यात आणि केबलच्या पाइपात मुंग्यांनी किंवा गांधीलमाश्यांनी घर केले आहे का पाहावे. वादळाचा इशारा आला तर बॅटरी शंभर टक्के भरून ठेवावी. पुष्कळ हायब्रिड इन्व्हर्टरमध्ये बॅटरी राखून ठेवण्याचे सेटिंग असते, ते त्या आठवड्यापुरते वर न्यावे. वारा सुरू झाल्यावर कुणीही छपरावर चढू नये. वादळानंतर एखादे पॅनल उखडलेले किंवा फुटलेले दिसले, तर ते ऊन पडताच वीज बनवू लागते हे लक्षात ठेवून त्याला हात न लावता आधी डीसी आयसोलेटर (पॅनलकडून येणारी वीज तोडणारा स्विच) बंद करावा आणि वायरमनला बोलवावे.

वर्षातले दहा महिने कुलपात असणारी आणि गणपती, शिमगा, मे महिना एवढ्यापुरती उघडणारी घरे कोकणात थोडीथोडकी नाहीत. अशा घराला मोठी यंत्रणा परवडत नाही, कारण वापराविना तयार झालेली बहुतेक वीज मार्चअखेर कमी दरात जाते. बॅकअपपुरती लहान यंत्रणा घ्यावी आणि ट्युब्युलर बॅटरी टाळावी, कारण पाणी घालायला कुणी नसते. जाताना लिथियम बॅटरी पन्नास-साठ टक्के भरलेल्या अवस्थेत ठेवून तिचा ब्रेकर पाडावा. मात्र इन्व्हर्टर बॅटरीशिवाय लाइनवर चालतो का, हे पुरवठादाराला आधी विचारून घ्यावे. किल्ली ज्या शेजाऱ्याकडे असेल, त्याच्यासाठी इन्व्हर्टरशेजारी भिंतीवर मोठ्या मराठी अक्षरांत क्रम लिहून ठेवावा: बंद करताना आधी एसीचा मुख्य स्विच, मग पॅनलचा डीसी आयसोलेटर, शेवटी बॅटरीचा ब्रेकर, चालू करताना आधी बॅटरी, मग पॅनल, शेवटी एसी.